कितव्या वर्षी?

पॅरिस, १८६६.

तुमच्यासमोर एक जाडजूड ग्रंथ उघडा आहे. लिहिणारा शल्यविशारद पॉल ब्रोका. मेंदूतलं वाचेचं केंद्र दाखवून देणारा म्हणून त्याचं नाव पुढे पाठ्यपुस्तकांत जाईल, पण तुम्ही ज्या पानावर थांबला आहात तिथे गाठींचा विचार चालला आहे आणि मध्येच एका घराण्याची हकीकत आली आहे. सुरुवात ‘मादाम झेड’पासून. ती १७८८ साली स्तनाच्या कर्करोगानं गेली. मग तिच्या मुली, मुलींच्या मुली, त्यांची मुलंबाळं. अशा चार पिढ्या. मोजून पाहा: २४ बायका, त्यांतल्या १० याच रोगानं गेलेल्या. नावं लपवली आहेत, कारण हे घराणं ब्रोकाच्या बायकोचं आहे, असं पुढचे अभ्यासक सांगतील.

चोवीसांत दहा. वाचताच तुम्ही मनात म्हणता, हे रक्तातच असणार. ब्रोकालाही तसंच वाटतं. पण शेजारी एखादा खट संख्याशास्त्रज्ञ बसला असता तर त्यानं लगेच हरकत घेतली असती. युरोपात घराणी लाखोंनी आहेत. त्यांतल्या काहींत निव्वळ योगायोगानंसुद्धा एकाच रोगाच्या दहा बायका सापडतील, आणि डॉक्टरांच्या नजरेत भरतात ती नेमकी तीच घराणी. बाकीची कोणी लिहूनही ठेवत नाही. एका घराण्याकडे कितीही वेळ टक लावून पाहिलं तरी योगायोग कोणता आणि वारसा कोणता, हे त्यातून कळत नाही.

याच साली ब्रनो शहरात ग्रेगोर मेंडेल नावाच्या धर्मगुरूनं वाटाण्याच्या झाडांवर केलेल्या प्रयोगांचा निबंध छापून आला आहे. गुण पुढच्या पिढीत कोणत्या प्रमाणात उतरतात, याचे नियम त्यात आहेत. या दोन लिखाणांची गाठ पडायला अजून फार वेळ आहे. तुम्ही पुढे चला.

पुणे, १९४३. फर्ग्युसन कॉलेज.

युद्ध चालू आहे. कागदाची टंचाई आहे आणि लंडनला धाडलेलं पत्र कधी पोचेल याचा भरवसा नाही. कॉलेजमागची टेकडी उन्हात तापली आहे. गणित शिकवणारे एक प्राध्यापक इथे काही कागदांवर काम करताहेत. पस्तिशीचे, गोव्यात जन्मलेले, हार्वर्डला शिकून आलेले. त्यांच्या वडिलांनी, बौद्ध विद्येचे पंडित धर्मानंद कोसंबींनी, याच कॉलेजात पाली शिकवली होती. मुलाला महाराष्ट्र पुढे इतिहासकार म्हणून ओळखेल, पण इतिहासाकडेही दामोदर धर्मानंद कोसंबी आकड्यांच्या वाटेनंच आले. प्राचीन आहत नाण्यांची वजनं करून, वापरानं नाणं किती झिजलं यावरून त्याचं वय काढायचं, असा त्यांचा खटाटोप या आधीच सुरू झाला आहे.

आत्ता मात्र समोर नाणी नाहीत. प्रश्न गुणसूत्रांचा आहे. तो समजून घ्या, कारण पुढचा सगळा प्रवास त्यावर उभा आहे.

आपल्याकडे प्रत्येक गुणसूत्राची जोडी असते, एक आईकडचं आणि एक वडिलांकडचं. बीजांड किंवा शुक्रजंतू तयार होताना या जोडीतली दोन्ही एकमेकांना बिलगतात आणि आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात. मग अपत्याकडे जातं ते सरमिसळ झालेलं गुणसूत्र. आता गुणसूत्रावरच्या दोन जागा घ्या. त्या अगदी लगतच्या असतील तर अदलाबदलीतही सहसा सोबत राहतात, आणि दूरच्या असतील तर सहज फुटतात. वारीत एकमेकांना खेटून चालणारे दोघं पंढरपूरपर्यंत बरोबर राहतात, पण एक दिंडीच्या तोंडाशी आणि दुसरा शेपटाशी असेल तर त्यांची चुकामूक ठरलेली, तसंच हे. म्हणजे किती अपत्यांत त्या दोन जागा फुटल्या एवढं मोजलं, की त्यांच्यातलं अंतर कळायला हवं. ना सूक्ष्मदर्शक, ना चिरफाड. नुसती घरोघरची मोजणी.

पण मोजणी फसवते. दोन जागांच्या मध्ये दोनदा अदलाबदल झाली, तर त्या पुन्हा सोबत येतात आणि आपल्याला वाटतं काहीच घडलं नाही. म्हणून फुटीच्या प्रमाणावरून खरं अंतर काढायला सूत्र लागतं. जे. बी. एस. हाल्डेन यांनी ते १९१९ साली दिलं होतं. ते धरून चालले होते की एका ठिकाणच्या अदलाबदलीचा शेजारच्या अदलाबदलीशी काही संबंध नाही. प्रत्यक्षात तो असतो. एका जागी अदलाबदल झाली की तिच्या आसपास दुसरी व्हायला अडथळा येतो, आणि जसं दूर जावं तसा हा अडथळा विरतो. कोसंबी तो अडथळा सूत्रात बसवतात. ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’ या लंडनच्या नियतकालिकात हा निबंध छापून आला, तेव्हा त्याची पानं भरली फक्त चार.

एक आकडा स्वतः घालून पाहा. शंभर अपत्यांपैकी २० जणांत दोन जागा फुटलेल्या दिसल्या. हाल्डेनच्या सूत्रानं अंतर येतं सुमारे २५.५ एकक, कोसंबींच्या सूत्रानं सुमारे २१.२. एकाच मोजणीतून दोन वेगळे नकाशे निघतात. जनुकांचे नकाशे काढणाऱ्या संगणकप्रणालींत आजही ‘हाल्डेन की कोसंबी?’ असा पर्याय समोर येतो आणि जगभरचे संशोधक दुसऱ्यावर बोट ठेवतात. त्यांतल्या बहुतेकांना हे सूत्र फर्ग्युसनमध्ये शिकवणाऱ्या माणसाचं आहे हे ठाऊक नसतं. आपल्याकडे तरी ते ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

त्या नियतकालिकाच्या नावावरही क्षणभर थांबा. ‘युजेनिक्स’ म्हणजे सुप्रजननशास्त्र. माणसांत उत्तम आणि कनिष्ठ वंश निवडण्याच्या विचारानं याच दशकात युरोपात लाखोंचे बळी घेतले. १९५४ साली नियतकालिकाचं नाव बदलून ‘अ‍ॅनल्स ऑफ ह्यूमन जेनेटिक्स’ झालं. आनुवंशिकतेच्या संख्याशास्त्राचा जन्म या घरात झाला, हे विसरून चालणार नाही. तेच गणित पुढे कोणाच्या उपयोगी पडलं, हे मात्र तुम्हाला पाहायचं आहे.

विस्कॉन्सिन, १९५५. इथे फार वेळ नको, पण एक गणित बरोबर घेऊन जा.

न्यूटन मॉर्टन हा पंचविशीतला संशोधक विचारतोय: रोगाचं जनुक आणि माहीत असलेली एखादी खूण गुणसूत्रावर शेजारी आहेत, असं म्हणायला पुरावा किती लागतो? त्यानं अब्राहम वॉल्ड यांची क्रमवार चाचणीची पद्धत उचलली. युद्धसामग्रीच्या तपासणीसाठी अमेरिकेत विकसित झालेली ही पद्धत. नमुने एकेक करून तपासायचे, प्रत्येकाबरोबर पुराव्याची बेरीज करत जायची आणि बेरीज ठरलेल्या रेषेपलीकडे गेली की थांबायचं. (वॉल्ड १९५० च्या डिसेंबरात भारत सरकारच्या निमंत्रणावरून व्याख्यानांसाठी आले होते. नीलगिरीच्या डोंगरात त्यांचं विमान कोसळलं. ते आणि त्यांच्या पत्नी दोघंही गेले.)

मॉर्टननं नमुन्याच्या जागी कुटुंब ठेवलं. प्रत्येक कुटुंब आपला गुण देतं, त्याला म्हणायचं लॉड स्कोअर. समजा एका बापाकडून दहा मुलांकडे रोगाचं जनुक आणि खूण यांचा प्रवास तुम्ही पाहिलात आणि दहाही वेळा दोन्ही सोबत राहिली. नुसत्या योगायोगानं हे घडण्याची शक्यता १०२४ मध्ये एक. हे दहाच्या घातांत मोजलं की लॉड येतो ३.०१. मॉर्टनची रेषा आहे ३, म्हणजे हजारास एक. आता दहांपैकी एकाच मुलात ताटातूट झाली असं धरा. लॉड धाडकन १.६० वर येतो, म्हणजे साधारण चाळीसास एक. एका मुलानं हजाराचे चाळीस केले. इतकी कठोर रेषा का, तर कोणत्याही दोन जागा मुळात शेजारी असण्याची शक्यताच पन्नासात एखादी असते. ती वजा जाता हजारास एक हा पुरावा उरतो विसास एक एवढाच.

हे ‘एका मुलानं’ लक्षात ठेवा. पुढे त्याच्याच जागी एक बाई येणार आहे.

बर्कली, कॅलिफोर्निया, १९६६.

विद्यापीठात वीस वर्षांची एक मुलगी संख्याशास्त्रात पीएचडी करायला आली आहे. मेरी-क्लेअर किंग. गणिताची पदवी हातात आहे. शाळेत असताना तिची जिवलग मैत्रीण कर्करोगानं गेली होती. कर्ट स्टर्न हे जुने आनुवंशिकीतज्ज्ञ निवृत्तीच्या उंबरठ्यावर असताना शिकवताहेत आणि ही त्यांच्या वर्गात जाऊन बसते. तिथे तिला दिसतं की एवढी देखणी कोडी फक्त गणितात असतात असं नाही. ती विषय बदलते. मग चिंपांझी आणि माणूस यांच्या प्रथिनांची तुलना, १९७३ साली पीएचडी, त्यानंतर चिलीत अध्यापन, तिथे लष्करी उठाव, आणि परत.

१९७४ पासून ती स्तनाच्या कर्करोगाकडे वळते. तुम्ही तिच्या मागे उभे राहून पाहा, तिच्या समोर काय काय आहे ते. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी कर्करोगाविरुद्ध युद्ध पुकारून तीन वर्षं झाली आहेत. पुष्कळ जणांची नजर विषाणूंवर आहे. स्तनाचा कर्करोग इतक्या बायकांना होतो, त्याला इतकी कारणं दिसतात, त्यात एकच जनुक एवढं निर्णायक कसं असेल, हा बहुतेकांचा सवाल आहे. आणि सवाल रास्त आहे. ती तो टाळत नाही, संख्याशास्त्रज्ञासारखा मांडते: समजा असं जनुक आहे. तर कुटुंबांत रोगाची वाटणी कशी दिसायला हवी? आणि नसेल, तर कशी?

त्यासाठी ती ब्रोकाची चूक टाळते. नजरेत भरलेली घराणी घेत नाही. एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीतून वयाच्या ५५ वर्षांआधी निदान झालेल्या बायका घेते आणि प्रत्येकीच्या आई-बहिणींची माहिती घेते. एकूण १,५७९ कुटुंबं. यांतली बहुतेक अगदी सामान्य: एकच रुग्ण, आई-बहिणी ठणठणीत. सामान्य कुटुंबांशिवाय असामान्य काय ते ठरवता येत नाही.

सहकाऱ्यांबरोबरचा हा हिशेब १९८८ साली प्रसिद्ध झाला. तो सांगतो: या कुटुंबांतल्या सुमारे ४ टक्क्यांत रोग वारशानं आलेला दिसतो. दोषी जनुक दुर्मीळ आहे, १०,००० गुणसूत्रांत सहावर. ते असलेल्या बाईला चाळिशीपर्यंत रोग होण्याची शक्यता ३७ टक्के, ५५ पर्यंत ६६ टक्के, आयुष्यभरात ८२ टक्के. नसलेल्या बाईला तीच शक्यता ०.४, २.८ आणि ८ टक्के.

हे आकडे वाचून पुढे सरकू नका. एक वही घ्या आणि १०,००० बायका मांडा. गुणसूत्रं दोन-दोन, म्हणून जनुक असलेल्या बायका सुमारे १२. त्यांतल्या साडेचार जणींना चाळिशीआधी रोग होईल. उरलेल्या ९,९८८ जणींमधून चाळिशीआधी रोग होणाऱ्या सुमारे ४०. म्हणजे चाळिशीच्या आत निदान झालेल्या दर दहा बायकांमागे एकीकडे ते जनुक आहे. आता ५५ नंतरचा हिशेब करा. जनुक असलेल्या बारांपैकी जेमतेम दोघी. नसलेल्यांपैकी सुमारे ५२०. म्हणजे अडीचशेंत एक. रोग तोच, गाठ तीच, अहवालही सारखाच. फरक फक्त निदानाच्या वयाचा, आणि तेवढ्यानं त्या बाईच्या साक्षीचं वजन बदललं.

माझ्या मते या साऱ्या कथेतला सर्वांत मोठा शोध या वहीत आहे, पुढच्या प्रयोगशाळेत नाही.

प्रयोगशाळेतही जाऊ या. १९८० चं दशक. आधी माणसाच्या गुणसूत्रांवर वापरता येतील अशा खुणाच हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, रक्तगट आणि काही प्रथिनं. १९८० साली चौघा संशोधकांनी सुचवलं की डीएनएतले निरुपद्रवी फरकच खुणा म्हणून वापरता येतील. १९८३ साली व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या कुटुंबांच्या मदतीनं हंटिंग्टन रोगाची जागा चौथ्या गुणसूत्रावर सापडली. वाट दिसली होती. पण हंटिंग्टन दुर्मीळ आहे. घरात तो झाला तर त्या जनुकामुळेच होतो. स्तनाचा कर्करोग तसा नाही.

टेबलावर रक्ताच्या नळ्या आल्या आहेत. कुठल्या तरी गावातून कोणाच्या मावशीनं, चुलतबहिणीनं दिलेलं रक्त. डीएनए वेगळा काढायचा, विकरांनी त्याचे तुकडे करायचे, जेलमधून विजेच्या धारेत पळवायचे, पातळ पडद्यावर उतरवायचे आणि किरणोत्सारी खूण लावून एक्स-रे फिल्मवर ठेवायचे. मग काही दिवस वाट पाहायची. फिल्म धुऊन उजेडासमोर धरा: राखाडी पार्श्वभूमीवर काळ्या आडव्या रेघा. या बाईच्या दोन रेघा, तिच्या आईच्या दोन, बहिणीच्या दोन. कोणती रेघ कोणाकडून आली हे डोळ्यांनी जुळवत जायचं आणि वंशावळीच्या चित्रावर लिहायचं. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई, रोग झालेली वर्तुळं काळी भरलेली, गेलेल्यांवर तिरपी रेघ. एका खुणेचं काम झालं की दुसरी, मग तिसरी. खुणांमागून खुणा जातात आणि बेरीज वर चढत नाही.

याच वर्षांत किंग दुसऱ्या एका कामातही गुंतल्या आहेत. अर्जेंटिनातल्या लष्करी राजवटीनं पळवलेल्या बाळांच्या आज्या नातवंडं शोधताहेत आणि आईबाप बेपत्ता आहेत. आजी-नातवंडाचं नातं रक्ताच्या खुणांवरून किती खात्रीनं सांगता येतं, हे त्या आज्यांना सांगायला १९८४ पासून त्या मदत करताहेत. वारशाचं तेच गणित, पण इथे त्याच्या टोकाला एक जिवंत मूल उभं आहे.

आता सतराव्या गुणसूत्रावरच्या एका खुणेची पाळी येते. तिचं नाव डी१७एस७४. कुटुंबं २३, त्यांत स्तनाच्या कर्करोगाचे १४६ रुग्ण. काही कुटुंबांत ही खूण रोगाबरोबर चिकटून चालते, काहींत मुळीच नाही. सगळ्यांची सरसकट बेरीज केली तर एक गट चढवतो आणि दुसरा उतरवतो. याआधी अशा निकालांपाशी संशोधकांनी हात टेकले होते.

तुम्हाला वहीतला हिशेब आठवतो का? किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाही तो आठवतो. कुटुंबांची मांडणी निदानाच्या सरासरी वयानुसार करायची: ज्या घरात बायका सर्वांत तरुणपणी आजारी पडल्या ते घर वर, मग त्याखालचं, असं करत म्हातारपणी रोग झालेलं घर शेवटी. आणि बेरीज वरून खाली करत यायचं, मॉर्टननं सांगितल्याप्रमाणे, एकेक कुटुंब जोडत. पहिलं घर, दुसरं, तिसरं. आकडा चढतोय. तीनची रेषा ओलांडली. चौथं, पाचवं. सातव्या कुटुंबापाशी तो ५.९८ वर पोचतो. जवळजवळ दहा लाखास एक. त्याखालची, उशिरा रोग झालेली कुटुंबं आली की आकडा उतरू लागतो. तिथे बहुतेक बायकांचा कर्करोग या जनुकाचा नव्हताच. ज्या बायकांची साक्ष गोंधळ माजवत होती त्या खोटं सांगत नव्हत्या. त्यांची गोष्टच वेगळी होती.

सिनसिनाटी, ऑक्टोबर १९९०. अमेरिकन सोसायटी ऑफ ह्यूमन जेनेटिक्सची बैठक, रात्रीचं सत्र. तुम्हाला मागे भिंतीशी उभं राहायला जागा मिळते. पडद्यावर कुटुंबांची यादी, वयानुसार, आणि शेजारी ती बेरीज. किंग सांगतात: स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारं एक जनुक सतराव्या गुणसूत्राच्या लांब बाहूवर, २१ क्रमांकाच्या पट्ट्यात आहे.

तुमच्या मनात एक शंका यायलाच हवी, कारण सभागृहातही ती आहे. आकडे हातात आल्यावर कुटुंबं सोयीनं लावली तर काहीही सिद्ध करता येतं. ही शंका वादावादीनं मिटत नाही. ती मिटते दुसऱ्या कोणी, दुसऱ्या कुटुंबांत, तेच पाहिल्यावर. फ्रान्समधल्या ल्याँचे गिल्बर्ट लेन्वार आणि त्यांचे सहकारी आपल्याकडची कुटुंबं तपासतात. त्यांत स्तनाबरोबर बीजकोशाचाही कर्करोग झालेल्या बायका आहेत. १९९१ साली त्यांचा निकाल छापून येतो: पाचपैकी तीन कुटुंबांत जागा तीच. शिवाय हे जनुक बीजकोशाच्या कर्करोगालाही कारण ठरतं, हेही समोर येतं. वयाची मांडणी खरी ठरली होती.

पुढची चार वर्षं तुम्ही भरभर ओलांडा. अनेक देशांतल्या प्रयोगशाळांची शर्यत, आणि १९९४ साली युटामधल्या मार्क स्कॉल्निक यांच्या गटाला प्रत्यक्ष जनुक सापडतं: बीआरसीए१. लगोलग तेराव्या गुणसूत्रावर दुसरं, बीआरसीए२, आणि ज्या कुटुंबांत सतरावं गुणसूत्र निर्दोष निघालं होतं त्यांतल्या काहींचं उत्तर तिथे मिळालं. युटातल्याच एका कंपनीनं या जनुकांवर पेटंटं घेतली आणि चाचणी वर्षानुवर्षं महाग राहिली. २०१३ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं निकाल दिला की निसर्गात असलेल्या जनुकावर पेटंट घेता येत नाही. शेकडो बायकांनी रक्त दिलं, आपल्या आई-बहिणींच्या मरणाच्या तारखा सांगितल्या, त्यातून नकाशा झाला. त्या नकाशातल्या जागेची मालकी कोणा एकाची असणं मला कधीच पटलं नाही.

आता परळ. आजचा दिवस.

मुंबईला कर्करोगाच्या नोंदींची जुनी परंपरा आहे. देशातली पहिली लोकसंख्येवर आधारलेली कर्करोग नोंदणी इथेच १९६३ साली सुरू झाली. या भागातल्या कर्करोग रुग्णालयात आनुवंशिक समुपदेशनाच्या खोलीत तुम्ही बसला आहात. बहिणीला निदान झालंय म्हणून आला आहात. समोरची समुपदेशक कोरा कागद काढते आणि तीन पिढ्यांची वंशावळ काढायला लागते, आईकडची आणि वडिलांकडची, दोन्ही. तुम्ही सांगता, आईकडे कोणालाच काही नाही. ती वडिलांकडचं विचारते. तुम्ही म्हणता, त्यांना कसा असेल, ते तर पुरुष.

ती शांतपणे सांगते की वडिलांकडे ते दोषी जनुक असू शकतं, त्यांना स्वतःला काही न होताही, आणि प्रत्येक अपत्याला ते मिळण्याची शक्यता वडिलांकडूनही तेवढीच, निम्मी. घरोघरी हीच बाजू सांगायची राहून जाते.

मग तुम्हाला आठवतं, वडिलांची एक बहीण लवकर गेली होती. “तिला काहीतरी गाठ झाली होती” एवढंच घरात बोललं जायचं. कुठे, काय, कोणी सांगितलं नाही. समुपदेशकेचं पेन थांबतं. “कितव्या वर्षी?”

तुम्ही गावाला काकूला फोन लावता. फोन स्पीकरवर ठेवता.

“अगं काकू, आत्याला झालं तेव्हा तिचं वय काय होतं?”

“वय कोण बघत होतं रे तेव्हा? थांब. ती जन्मली बेचाळीसच्या चळवळीत, सासूबाई नेहमी सांगायच्या. आणि इंदिराबाई गेल्या ना, त्याच दिवाळीत तिला पहिल्यांदा दवाखान्यात नेली. छातीतच होती गाठ. तुला कोणी सांगितलं नव्हतं?”

इंदिरा गांधी गेल्या १९८४ साली. समुपदेशक वर्तुळ काळं करते आणि त्याखाली लिहिते: ४२. तिथून एक रेघ तुमच्या वडिलांच्या पांढऱ्या चौकोनाकडे जाते, आणि तिथून खाली तुमच्या बहिणीकडे, तुमच्याकडे. ती मान वर न करता पुढचा प्रश्न विचारते, फोनमधल्या काकूला ऐकू जाईल अशा आवाजात: “त्यांना आणखी बहिणी होत्या का? आणि मुली?”